‘काढून ठेव’ आणि ‘काढून टाक’ : साधनवर्णनाच्या भाषेविषयी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम चालू असताना एक लहानशी घटना घडली. अंकासाठीचे साहित्य ईमेलने मागवले होते आणि त्या पत्रपेटीची देखभाल, एका तरुण सहकाऱ्याच्या आग्रहावरून, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका साहाय्यकाकडे सोपवली होती. मुदत संपल्यावर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आमच्यापैकी एकीला विचारले, ‘मॅडम, माझा लेख मिळाला का?’ आम्ही साहाय्यकाला विचारले. त्याने तत्काळ आणि निःसंदिग्ध उत्तर दिले : या पत्त्यावरून कोणतेही पत्र आलेले नाही. आम्ही ते उत्तर जसेच्या तसे तिला कळवले. वर मुदत पाळण्याविषयी उपदेशाची दोन वाक्येही जोडली. दुसऱ्या दिवशी तिने लेख पाठवल्याची नोंद मोबाइलवर दाखवली. लेख मुदतीच्या चार दिवस आधीच आलेला होता आणि स्पॅमच्या कप्प्यात पडून होता. साहाय्यकाने तो कप्पा उघडलाच नव्हता.

यात आमची चूक उघड आहे. विद्यार्थिनीच्या शब्दापेक्षा यंत्राच्या शब्दावर आम्ही अधिक विश्वास ठेवला. पण यंत्र तरी असे का म्हणाले, हा प्रश्न उरलाच. आमचा एक माजी विद्यार्थी संगणकक्षेत्रात काम करतो. त्याने या साहाय्यकाची अंतर्रचना पाहून जे दाखवले, ते आम्हा भाषेच्या माणसांना चकित करणारे होते. साहाय्यकाला पत्रे शोधण्यासाठी जे साधन दिले होते, त्याच्या वर्णनात एवढेच लिहिलेले होते : ‘ईमेल शोधते.’ दोन शब्द. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, अर्थदृष्ट्या खरे, आणि तरीही एका मुलीला खोटे ठरवण्यास पुरेसे.

ही वर्णने म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. भाषा-प्रतिमान स्वतः फक्त मजकूर निर्माण करते. पत्र पाठवणे, शोधणे, हलवणे ही कामे त्याला स्वतःहून करता येत नाहीत. म्हणून प्रोग्रॅमर त्याच्या हाती काही साधने देतात. या व्यवसायात त्यांना ‘टूल’ असेच म्हणतात. विचार आणि कृती यांची अशी आलटून पालटून गुंफण करण्याची ‘रिअ‍ॅक्ट’ ही पद्धत 2022 मध्ये मांडली गेली. जून 2023 मध्ये ओपनएआयने आपल्या प्रतिमानांना साधने पुरवण्याची रीतसर सोय केली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला आणि कोणाचेही साधन कोणाच्याही साहाय्यकाला जोडता येण्याचा मार्ग सुकर झाला. या सर्व व्यवस्थांमध्ये एक गोष्ट समान आहे. साधनामागचा प्रोग्रॅम सामान्यतः प्रतिमानाला दिसत नाही. त्याला दिसते ते साधनाचे नाव, चार-दोन वाक्यांचे वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी. त्या बळावर कोणते साधन उचलायचे, कधी उचलायचे, आणि हाती आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा हे ते ठरवते. म्हणजे हा व्यवहार वाचनाचा आहे. लिहिणारा माणूस आहे, वाचणारे यंत्र आहे, आणि चुकीच्या वाचनाचे परिणाम भोगणारा तिसराच कोणी आहे.

आमचे प्रतिपादन असे की, ही वर्णने लिहिणे हे भाषेचे काम आहे आणि त्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी गंभीरपणे पाहिले पाहिजे. या कामाला लागणारी विचारसामग्री आपल्या परंपरेत तयार आहे. वर्गात आपण ती शिकवतोही. फक्त तिचा असा उपयोग होईल असे आपल्याला वाटलेले नसते.

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाईचे परंपरागत उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटले की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले की म्हैसही आत येते; ही अतिव्याप्ती. ‘एकसंध खुराची ती गाय’ म्हटले तर एकही गाय उरत नाही, हा असंभव. साधनवर्णनातील बहुतेक दोष या तीन कप्प्यांत बसतात. ‘ईमेल शोधते’ हे वर्णन अतिव्याप्त आहे, कारण प्रत्यक्षात साधन सर्व ईमेल शोधत नाही. ‘पाठवणाऱ्याच्या नावावरून पत्र शोधते’ असे लिहिले आणि साधन विषय व मजकूर यांवरूनही शोधू शकत असेल, तर ती अव्याप्ती. साहाय्यक मग विषयावरून शोधण्याचा प्रयत्नच करणार नाही आणि ‘हे मला जमत नाही’ असे सांगून मोकळा होईल. आणि ‘पाठवलेले पत्र परत बोलावते’ असे कोणी लिहिले, तर तो असंभव. बहुतेक सेवांमध्ये पाठवणे काही सेकंद रोखून धरता येते. दुसऱ्याच्या पेटीत पोहोचलेले पत्र सर्वसाधारणपणे परत येत नाही.

अतिव्याप्तीचा खरा धोका मात्र एका साधनात नसतो. तो दोन शेजारच्या साधनांच्या सीमेवर असतो. जीमेलचे उदाहरण घेऊ, कारण त्याची तांत्रिक कागदपत्रे सार्वजनिक आहेत आणि बरीच काळजीपूर्वक लिहिलेली आहेत. तेथे पत्र नजरेआड करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, पत्रावरची ‘इनबॉक्स’ ही खूण काढणे. पत्र शाबूत राहते, केवळ समोरून हलते. दुसरा, कचरापेटीत टाकणे. तेथून ते 30 दिवसांनी आपोआप नष्ट होते. तिसरा, तत्काळ व कायमचे नष्ट करणे. हे उलटवता येत नाही, आणि याऐवजी कचरापेटीचा मार्ग पत्करावा असे ती कागदपत्रेच सुचवतात. समजा एखाद्याने या तिन्ही साधनांचे वर्णन ‘पत्र काढते’ असे केले. तिन्ही वाक्ये खरी आहेत. त्यांतले एक निवडण्याचा आधार मात्र कोणत्याही वाक्यात नाही.

येथे मराठीचा प्रश्न फार नेमकेपणाने उभा राहतो. ‘जुनी पत्रे काढून ठेव’ आणि ‘जुनी पत्रे काढून टाक’ या दोन आज्ञांत फरक आहे तो केवळ संयुक्त क्रियापदाच्या उत्तरपदाचा. एका आज्ञेने पत्रे जपली जातात, दुसरीने जातात. ‘उत्तर लिहून ठेव’ म्हणजे मसुदा; ‘उत्तर देऊन टाक’ म्हणजे पाठवणीच. ‘परवाचे पत्र’ म्हटले तर ते होऊन गेलेल्या परवाचे की येणाऱ्या परवाच्या बैठकीचे, हे प्रसंगावरूनच कळते, कारण आपली भाषा दोन्ही दिशांना एकच शब्द वापरते. मराठी बोलणाऱ्याला यात अडचण वाटत नाही. पण मराठीत आलेली आज्ञा साहाय्यकाला बहुधा इंग्रजीत वर्णिलेल्या साधनांशी जुळवून घ्यावी लागते. वर्णनात ‘पत्र पेटीत राहते, नष्ट होत नाही’ एवढे सहा शब्द जरी असले, तरी ‘ठेव’ आणि ‘टाक’ यांतील भेदाला दुसऱ्या बाजूला उतरायला जागा मिळते. ते नसतील तर भेद वाटेतच गळतो. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण 1773 मधील नारायणराव पेशव्यांच्या हत्येशी जोडून सांगत आलो आहोत. त्या कथेत अक्षर बदलणारी व्यक्ती होती आणि तिचा हेतूही होता. येथे ना व्यक्ती आहे, ना हेतू. केवळ आळसाने लिहिलेल्या वाक्यातून तोच प्रकार घडू शकतो.

दुसरी उपयोगी सामग्री मीमांसकांची आहे. वाक्यांचे विधी, निषेध आणि अर्थवाद असे भेद त्यांनी केले. काय करावे ते विधी सांगतो, काय करू नये ते निषेध, आणि अर्थवाद स्तुती किंवा निंदा करून प्रवृत्त वा परावृत्त करतो. आम्हाला दाखवण्यात आलेल्या वर्णनांपैकी पुष्कळांत अर्थवादच अधिक होता. ‘अत्यंत शक्तिशाली आणि सुलभ असे पत्रव्यवस्थापन साधन’ हे वाक्य जाहिरातीत शोभेल. प्रतिमानाला त्यातून कळण्यासारखे काही नाही. उलट असे शब्द त्याला चुकीच्या वेळी तेच साधन उचलण्यास प्रवृत्त करू शकतात. निषेध मात्र जवळजवळ कोठेच नव्हता. चांगल्या वर्णनात निषेधाला विधीइतकेच स्थान असले पाहिजे : ‘वापरकर्त्याने पाठवण्यास स्पष्टपणे सांगितले नसेल तर हे साधन वापरू नये, मसुद्याचे साधन वापरावे’, ‘मूळ पत्र अनेकांना गेले असेल तर सर्वांना उत्तर द्यायचे की एकट्यालाच, हे आधी विचारावे.’ विभागातील कोणतेही उत्तर चुकून सर्वांना गेल्यावर काय होते, हे प्राध्यापकवर्गाला सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट आमच्या मूळ घटनेशी थेट निगडित आहे. एखादी वस्तू नाही हे ज्ञान कसे होते, या प्रश्नाला भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे उत्तर दिले, पण त्याला एक अट घातली : अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. वस्तू तेथे असती तर नक्की दिसली असती अशी परिस्थिती असेल, तरच तिच्या न दिसण्याला प्रमाणाचे मोल. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही यावरून काहीच म्हणता येत नाही. स्पॅमचा कप्पा ही आमच्या साहाय्यकाची अंधारी खोली होती. जीमेलच्या प्रोग्रॅमरांसाठीच्या सेवेतही शोध घेताना स्पॅम आणि कचरापेटी वगळणे हाच पूर्वनिश्चित संकेत आहे. ती हवी असतील तर वेगळे सांगावे लागते. संकेतामागे कारण आहे आणि तो लिहूनही ठेवलेला आहे. परंतु त्यावर उभारलेल्या साधनाच्या वर्णनात तो उतरवला नाही, तर ‘सापडले नाही’चे ‘आलेले नाही’ व्हायला वेळ लागत नाही. तारखांचेही तसेच. त्याच सेवेत शोधवाक्यात नुसती तारीख दिली, तर ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्रीपासून मोजली जाते. भारतीय घड्याळात तेव्हा दुपारचा सुमारे दीड वाजलेला असतो. ‘एक तारखेपासूनचे अर्ज दाखव’ म्हटल्यावर एक तारखेच्या सकाळी आलेले अर्ज गळतील, आणि कोणाला कारण उमगणार नाही.

आमच्या काही सहकाऱ्यांना हा सारा प्रपंच अनाठायी वाटतो. एक आक्षेप असा की, प्रतिमाने दिवसेंदिवस अधिक समर्थ होत आहेत; अर्धवट वर्णनातूनही ती आशय ओळखतील. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. भाषेतील संदिग्धता चांगला वाचक संदर्भाने सोडवू शकतो. मात्र शोधात स्पॅम धरला आहे की नाही ही संदिग्धता भाषेतील नाही, ती न सांगितलेली वस्तुस्थिती आहे. जी गोष्ट लिहिलीच नाही ती कितीही मर्मज्ञ वाचकाला वाचता येणार नाही. तो तर्क करील, आणि समर्थ वाचकाचा तर्क अधिक सफाईदार भाषेत मांडलेला असल्यामुळे आपण त्यावर अधिक सहज विश्वास ठेवू.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. व्यंजनेचे सौंदर्य शिकवणाऱ्यांनी अशा कोरड्या, अभिधेच्या लेखनात का गुंतावे? ही तर भाषेची कारकुनी. आम्हाला या शब्दातील तुच्छता मान्य नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. राज्य चालवण्यासाठी शब्द निश्चित असावे लागतात, ही जाण त्यामागे होती. चिटणिसी परंपरेने मायन्यापासून मखलाशीपर्यंत पत्राचे प्रत्येक अंग बांधून दिले. आणि ज्याला व्यंजना कशी निर्माण होते हे कळते, त्यालाच ती कोठे नको असता शिरली आहे हेही ओळखता येते. ‘पत्र निकाली काढते’ या वर्णनात उत्तर देणे, फाइल करणे आणि नष्ट करणे असे तीन अर्थ दबा धरून बसले आहेत, हे एखाद्या प्रोग्रॅमरच्या आधी कवितेच्या अभ्यासकाच्या लक्षात यायला हवे.

एक मर्यादा मात्र आम्हाला स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, कारण भाषेची माणसे भाषेवर फार भार टाकतात. उत्तम वर्णन म्हणजे सुरक्षितता नव्हे. ईमेल हाताळणारा साहाय्यक ज्या पत्रांचे वाचन करतो ती पत्रेही मजकूरच असतात, आणि मालकाची आज्ञा कोणती व परक्याने पत्रात लिहिलेले वाक्य कोणते, हा भेद प्रतिमानाला खात्रीने करता येत नाही. या दोषाला सप्टेंबर 2022 मध्ये सायमन विलिसन यांनी ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. जून 2025 मध्ये ‘एकोलीक’ या नावाने जाहीर झालेल्या त्रुटीत मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटला उद्देशून रचलेले केवळ एक पत्र पाठवून, कोणी कशावरही क्लिक न करता, संस्थेची माहिती बाहेर नेता येणे शक्य होते असे संशोधकांनी दाखवले. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दूर केली. वर्णनेही दूषित असू शकतात : साधनाच्या वर्णनातच प्रतिमानासाठी छुप्या आज्ञा पेरता येतात, हे एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्स यांनी निदर्शनास आणले. ‘हे साधन फक्त वाचते’ किंवा ‘याने काही नष्ट होऊ शकते’ अशा खुणा साधनावर करण्याची सोय मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये 2025 मध्ये आली; पण विश्वासातील ठिकाणाहून आल्या नसतील तर त्या खुणांवर विसंबू नये, असे तो संकेतच सांगतो.

तात्पर्य, ‘कृपया पत्रे नष्ट करू नये’ असे वर्णनात लिहून नष्ट करण्याचे साधन हाती देण्यापेक्षा ते साधन न देणे केव्हाही श्रेयस्कर. जीमेलमध्ये केवळ वाचण्याची, तसेच कायमचे नष्ट करणे वगळून इतर सर्व करण्याची, अशा वेगवेगळ्या परवानग्या उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग करावा. जेथे परवानगीने कुंपण घालता येते तेथे शब्दांचे कुंपण घालू नये. शब्दांचे काम त्याच्या आत आहे : दिलेल्या साधनांपैकी योग्य ते, योग्य वेळी, योग्य समजुतीने वापरले जावे.

तसेच, स्पष्टता म्हणजे विस्तारही नव्हे. साधनांची वर्णने सामान्यतः प्रतिमानापुढे सतत असतात आणि त्याची वाचनमर्यादा व्यापतात. एकमेकांसारखी चाळीस साधने आणि प्रत्येकाचे पानभर वर्णन असा संसार मांडला तर निवड अधिकच बिघडते. अल्पाक्षर आणि असंदिग्ध असणे हे सूत्राचे जुने लक्षण येथे तंतोतंत लागू पडते.

माजी विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही त्या दोन शब्दांचे पुनर्लेखन केले. ते असे झाले : ‘पेटीतील पत्रे पाठवणारा, विषय, मजकूर किंवा तारीख यांवरून शोधते. इनबॉक्स आणि संग्रहित पत्रे पाहते. स्पॅम व कचरापेटी वेगळे सांगितल्यावाचून पाहत नाही. तारीख वर्ष, महिना, दिवस अशी भारतीय वेळेनुसार द्यावी. काल, परवा असे शब्द देऊ नयेत. एका वेळी 50 पत्रांपर्यंतची यादी देते आणि आणखी असल्यास तसे कळवते. यादी रिकामी आली तर पत्र आलेच नाही असे सांगू नये. कोठे शोधले ते सांगावे. संपूर्ण मजकूर वाचण्यासाठी पत्र उघडण्याचे साधन वापरावे.’ तारखेचे वाक्य लिहिल्यावर ते खरे ठरावे म्हणून त्याला प्रोग्रॅममध्येही बदल करावा लागला. हा अनुभव आम्हाला महत्त्वाचा वाटतो. नेमके वर्णन लिहू लागले की साधनातील उणीव लपत नाही. पुन्हा तोच प्रश्न विचारल्यावर साहाय्यकाने सांगितले की, इनबॉक्स आणि संग्रह यांत पत्र सापडले नाही, स्पॅममध्ये पाहू का? एवढेच तर त्याने पहिल्यांदा विचारायला हवे होते.

पदवी अभ्यासक्रमांत उपयोजित मराठीच्या नावाखाली आपण पत्रलेखन, इतिवृत्तलेखन, जाहिरातलेखन शिकवतो. त्यात साधनवर्णनाचा एक स्वाध्याय सहज बसेल. विद्यार्थ्यांना तीन मिळतीजुळती साधने द्यावीत आणि वाचणाऱ्याची गल्लत होणार नाही अशी प्रत्येकी चार वाक्ये लिहायला सांगावे. मग ती वाक्ये दुसऱ्या गटाला देऊन कोणत्या आज्ञेसाठी ते कोणते साधन उचलतात ते पाहावे. लक्षणदोषांचा पाठ याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे आम्हाला वाटत नाही. आपल्या भाषेतील आज्ञा या यंत्रांनी नीट पाळाव्यात अशी अपेक्षा असेल, तर ‘ठेव’ आणि ‘टाक’ यांतील अंतर त्यांना समजावून सांगणारी माणसे आपल्याच वर्गांतून बाहेर पडायला हवीत.

त्या विद्यार्थिनीचा लेख अंकात छापून आला. तिला पाठवलेल्या उपदेशाच्या पत्राबद्दल आम्ही दुसरे पत्र लिहून क्षमा मागितली. ते आम्ही स्वतः लिहिले आणि स्वतःच पाठवले.